बाणाचा जोर काट्यावर मोजला तेव्हा

कुळागर | रविवार, रात्री ९.४०

आमच्या फोंडा तालुक्यातल्या तिरंदाजीच्या मैदानावर एक वाक्य दर रविवारी कानावर येतं: "बाणात जोर नाही रे, पाउंडेज वाढव." पाउंडेज म्हणजे धनुष्य पूर्ण ओढताना बोटांवर येणारं वजन. नवा पोरगा असो की चार वर्षं खेळलेला, बाण खाली लागला की हेच औषध. मीही ते घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून ३८ पाउंडांचे लिंब्ज (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) उतरवून ४४ चे चढवले, आणि सहा महिन्यांत उजवा खांदा धरला. अख्खा पावसाळा धनुष्य पिशवीत पडून होतं. तेव्हापासून हा 'जोर' म्हणजे नेमकं काय, ते स्वतः मोजून बघायचं मनात होतं. यंदा चतुर्थीच्या सुट्टीत मोजलं. आकडे हाती आल्यावर राहवेना, म्हणून हा धागा.

खांदा बरा झाल्यावर मी जुन्या ३८ च्या लिंब्जवर परत आलोय. मोजमाप त्याच रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचं. पडवीच्या वाशाला जाड पट्टा बांधून त्यात धनुष्याची मूठ अडकवली. प्रत्यंचेला बॅगा तोलायचा डिजिटल काटा लावला आणि भावानं तो हळूहळू खाली ओढला. मी शेजारी सुताराची टेप धरून दर ५ सेंटीमीटरला आकडा लिहीत गेलो. प्रत्यंचा जिथे निवांत असते तिथून ५ सेंटीमीटरला ४.२ किलो, १० ला ६.८, १५ ला ८.७, २० ला १०.२, २५ ला ११.६, ३० ला १३, ३५ ला १४.५, ४० ला १६.१. आणि क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टिक् वाजणारी पट्टी) पडतो तिथे, म्हणजे ४४ सेंटीमीटरला, १७.३ किलो.

हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले की जी रेघ येते तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. बल गुणिले अंतर, तुकड्या-तुकड्यानं. माझी बेरीज ४५२ किलो-सेंटीमीटर आली, म्हणजे ४४ ज्यूल. शून्यापासून १७.३ पर्यंत रेघ सरळ चढली असती तर ३७ ज्यूलच मिळाले असते. वरचे ७ ज्यूल रिकर्व्हच्या वळलेल्या टोकांची देणगी आहे. सुरुवातीला प्रत्यंचा त्या टोकांवर टेकलेली असते, त्यामुळे ओढ पटकन चढते. पुढे प्रत्यंचा टोकांवरून सुटते, तरफ लांब होते आणि ओढ जड होण्याचा वेग मंदावतो. रेघ मधे फुगते ती यामुळे. एवढी वर्षं हातात धरलेल्या वस्तूतली ही कारागिरी मला आत्ता कागदावर दिसली.

मग वेग. वेग मोजायचा क्रोनोग्राफ माझ्याकडे नाही. मोबाइल पायाशी ठेवून १८ मीटरवर बाण मारले आणि आवाज रेकॉर्ड केला. प्रत्यंचेचा 'टण्' आणि बाण रुतल्याचा 'थप्प', या दोन्हींत सरासरी ०.३७४ सेकंद. त्यातून 'थप्प' माझ्यापर्यंत परत यायला लागलेले ०.०५२ सेकंद वजा केले. 'टण्' वाजतो तेव्हा बाणाचं टोक अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून अंतर १७.५ मीटर धरलं. सरासरी वेग ५४.३ मीटर प्रतिसेकंद. वाटेत हवेनं थोडं खाल्लेलं, म्हणजे सुटताना साधारण ५५. बाण २० ग्रॅमचा. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: ३० ज्यूल.

तीस ज्यूल म्हणजे केवढे? दीड किलोचा न सोललेला नारळ दोन मीटरवरून सोडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात तेवढी ऊर्जा असते. पाडेली माडावरून पाडतो त्या नारळाच्या पुढे हे काहीच नाही. तरी नारळ चिखलात खळगा करतो आणि बाण फोमच्या पाट्यात वीतभर आत शिरतो, कारण बाणाची अख्खी ऊर्जा पेन्सिलीपेक्षा बारीक टोकावर येते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. ७० मीटर जायला माझ्या बाणाला १.३४ सेकंद लागतात. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला ८.८ मीटर खाली ओढतं. साइट (धनुष्यावरची नेमाची खूण) लावून आपण तेवढंच वर धरतो, म्हणून ते जाणवत नाही. पण एखाद्या बाणाचा वेग ५५ ऐवजी ५४ झाला, तर हे खाली येणं जवळपास ३२ सेंटीमीटरनं वाढतं. १२२ सेंटीमीटरच्या निशाणावर गुणांची एक रिंग ६.१ सेंटीमीटरची. म्हणजे पाच रिंग खाली, नेम अगदी बरोबर असून.

आणि १ मीटरचा वेग कुठे हरवतो? ओढ एक सेंटीमीटर कमी पडली की गेला. शेवटच्या सेंटीमीटरला बल सर्वांत जास्त असतं, त्यामुळे दर सेंटीमीटरमागे सर्वांत जास्त ऊर्जा तिथेच भरली जाते. ५ मिलिमीटर कमी ओढलं तर माझ्या हिशेबानं ०.८५ ज्यूल कमी साठतात, आणि बाण १७ सेंटीमीटर खाली लागतो. क्लिकरची ती पातळ पट्टी एवढ्या फरकासाठी असते.

म्हणून विचारतो. 'जोर वाढव' सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी त्या पोराचे बाण एकसारख्या ऊर्जेनं सुटतात का, ते पाहिलंय?

---

खारा_वारा | रविवार, रात्री १०.१५

कुळागर बाब, लेख वाचून लगेच माळ्यावरचा काटा काढला. देव बरें करूं.

एक शंका. धनुष्यात ४४ आणि बाणात ३०. मधले १४ ज्यूल कुठे गेले? आवाजात?

---

कुळागर | रविवार, रात्री १०.५०

आवाजात अगदी थोडे. बाण सुटतो तेव्हा एकटा बाणच वेग घेत नाही. प्रत्यंचा त्याच्याबरोबर धावते, लिंब्जची टोकंही झपाट्यानं पुढे येतात. त्यांनाही ऊर्जा लागते. बाण निघून गेला की ती ऊर्जा कंपनात जिरते, आणि स्टॅबिलायझर (धनुष्याचा तोल राखणारा दांडा) थरथरतो तो याचाच पुरावा. थोडी लिंब्जच्या थरांमधल्या घर्षणात जाते, थोडी बाणाच्या वाकण्यात. बाण सुटताना साप चालावा तसा वळवळतो, हे संथ चित्रणात कोणीही पाहू शकतं.

याचा एक सुंदर हिशेब पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडला. तो म्हणतो, लिंब्ज आणि प्रत्यंचा हलवायला जी ऊर्जा जाते ती बाणाच्या शेपटीला चिकटलेलं एक काल्पनिक वजन समजा. त्याला आभासी वस्तुमान म्हणू. एका धनुष्यासाठी ते जवळजवळ ठरलेलं असतं, बाण कुठलाही लावा. माझ्या धनुष्याचं ९.३ ग्रॅम निघालं. म्हणजे ४४ ज्यूल २० ग्रॅमला मिळत नाहीत, २९.३ ग्रॅमला मिळतात, आणि त्यातले ९.३ ग्रॅम मैदानावर जातच नाहीत.

यातून दोन गोष्टी कळतात. बाण जड केला तर वेग कमी होतो, पण ऊर्जा वाढते. २४ ग्रॅमचा बाण माझ्या धनुष्यातून ५१.६ नं सुटेल आणि ३२ ज्यूल नेईल. १६ ग्रॅमचा ५९ नं सुटेल, पण २८ ज्यूलच नेईल. बाकीचे धनुष्यातच राहतील.

दुसरी गोष्ट नव्या मुलांच्या आईबापांनी नीट वाचा. बाण न लावता प्रत्यंचा सोडली तर ४४ च्या ४४ ज्यूल लिंब्ज आणि प्रत्यंचेतच फिरतात. त्यांना बाहेर पडायला वाट नाही. लिंब्ज चिरतो, प्रत्यंचा तुटते, कधी टोक उडून तोंडावर येतं. मैदानावर कुणा पाहुण्यानं 'जरा ओढून बघू' म्हटलं तर धनुष्य हातात देऊ नका. फार हलका बाण हा त्याचाच धाकटा भाऊ.

---

म्हापशेकर_आई | सोमवार, सकाळी ७.०५

नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची, पेडेच्या मैदानावर जाते. आधी बांबूच्या भारतीय धनुष्यावर शिकली, दोन वर्षांपासून रिकर्व्ह. बोटांवर ३० पाउंड येतात. ६० मीटर मारते. गेले तीन महिने गुण अडकलेत. सहा बाणांत चार मधल्या पिवळ्यात आणि एकदोन खाली, लालच्याही बाहेरच्या निळ्यात, असं सतत. एका ओळखीच्यांनी सांगितलं की बाणात ताकद कमी आहे, ३६ चे लिंब्ज घ्या. खर्च आमच्या आवाक्याच्या काठावर आहे, तरी घेऊ म्हणत होतो. तुमचा धागा वाचून थांबले. मला भौतिकशास्त्र फारसं कळत नाही. घ्यावेत की नाही, एवढंच सांगाल का?

---

सातारकर_कंपाऊंड | सोमवार, सकाळी ९.३०

मी मूळचा सातारचा, नोकरीनिमित्त पर्वरीत. कंपाऊंड मारतो, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. त्यानंतर आमच्याकडे गावोगाव पोरं धनुष्य मागायला लागली. गोव्यातही त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, इथल्या पोरांनाही घरच्या मैदानांवर मोठे खेळाडू बघायला मिळाले. उत्साह आहे, म्हणून हा विषय आत्ताच बोलायला हवा.

कंपाऊंडची बाजू सांगतो. माझं ५० पाउंडांचं आहे. कंपाऊंडच्या ओढीची रेघ डोंगरासारखी नसते, पठारासारखी असते. थोड्याच अंतरात ५० वर चढते, तिथेच सपाट धावते आणि शेवटी कॅम फिरले की दरीत उतरते. पूर्ण ओढल्यावर बोटांवर १२-१५ पाउंडच राहतात. पठाराखालचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे तेवढ्याच कमाल ओढीत रिकर्व्हपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठते. माझा २३ ग्रॅमचा बाण ७८ नं सुटतो, म्हणजे ७० ज्यूल. ५० मीटरला पाऊण सेकंदही लागत नाही.

स्पर्धेत कंपाऊंडला ६० पाउंडांची मर्यादा आहे. मी चार वर्षांत ५० च्या वर गेलेलो नाही, आणि जावंसं वाटलं नाही. शेवटी कॅम भिंतीसारखा अडतो, त्यामुळे ओढीची लांबी दरवेळी तीच. कंपाऊंडचे गुण जास्त येतात त्याला हेही एक कारण आहे.

अजून एक. ७० ज्यूल फोममध्ये थांबतात तेव्हा घर्षणानं शाफ्ट (बाणाची काडी) तापतो आणि फोम वितळून त्याला चिकटतो. ओढून काढताना दोघांची दमछाक होते. मी शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाला बोटानं सिलिकॉनचं वंगण लावतो.

---

रानमोडी | सोमवार, दुपारी १.२०

परदेशी साइटींवर तर स्पष्ट लिहिलेलं असतं की इतके फूट-पाउंड हवेत, तितके हवेत. आणि म्हणतात ऊर्जा महत्त्वाची नाही, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) महत्त्वाचा, म्हणून बाण जड घ्या. खरं काय?

---

कुळागर | सोमवार, रात्री ८.३५

रानमोडी, ते तक्ते शिकारीसाठीचे आहेत. कुठल्या जनावराला किती ऊर्जा लागते याचे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि फोमच्या पाट्याला कातडी नसते. आपल्या खेळात बाण पाट्यावर पोचून रुतला की ऊर्जेचं तिथलं काम झालं. रूपांतरासाठी लक्षात ठेवा: १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ ज्यूल. तिकडे बाणाचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग फुटांत देतात. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० केलं की फूट-पाउंड येतात. १५.४ ग्रेनचा एक ग्रॅम.

संवेग आणि ऊर्जा यांचं भांडण मला पटत नाही, कारण ती एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. अडवणारं बल एकसारखं असेल तर बाण किती खोल जाईल हे ऊर्जा सांगते. किती वेळात थांबेल हे संवेग सांगतो. माझा बाण ७० मीटरवर पोचतो तेव्हा हवेनं खाऊन २५ ज्यूल उरतात. फोममध्ये १२ सेंटीमीटर रुतला, तर सरासरी अडवणारं बल २०० न्यूटनच्या थोडं वर, २१ किलो म्हणा. तोच बाण पाटा चुकून मागच्या चिऱ्यांच्या बांधावर आदळला आणि २ मिलिमीटरमध्ये थांबला, तर बल साडेबारा हजार न्यूटन. सव्वा टन! म्हणून चिऱ्यावर लागलेला बाण दिसायला धड असला तरी लगेच लावू नका. दोन्ही टोकं धरून जरा वाकवा, कानाजवळ न्या. करकर ऐकू आली तर तो बाण संपला. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर काड्या थेट डाव्या हातात जातात.

आणि एकाच धनुष्यातून जड बाण सोडला तर ऊर्जा आणि संवेग दोन्ही वाढतात, वर दिलंच आहे. भांडायला जागाच उरत नाही.

म्हापशेकर ताई, तुम्हाला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून दिवसभर विचार केला. ३६ चे लिंब्ज घेऊन काय मिळेल ते आधी माझ्याच उदाहरणावर सांगतो. ३८ वरून ४४ वर गेलो तेव्हा हिशेबानं वेग ५५ वरून ५९ झाला. ७० मीटरवर बाणाची पडझड ८.८ मीटरवरून ७.६ वर आली. आडवा वारा ३ मीटर प्रतिसेकंद असेल तर बाण २० सेंटीमीटर सरकायचा, तो साडेअठरा सरकायला लागला. दीड सेंटीमीटर, एवढाच फायदा. उलट ओढीत ५ मिलिमीटरची चूक झाली तर ४४ च्या धनुष्यातही १४-१५ सेंटीमीटरचं नुकसान होतंच. आणि जड धनुष्यावर ती चूक जास्त वेळा होते, कारण दमलेला माणूस शेवटचे ५ मिलिमीटर सोडून देतो. ७२ बाणांच्या फेरीत ३८ पाउंडांवर मी एकूण १,२४५ किलो ओढतो, ४४ वर १,४४० किलो. पंधरा वर्षांच्या खांद्यावर असा बोजा वाढवताना प्रशिक्षकांनी महिनेन्‌ महिने घ्यायला हवेत.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकते. ताकद कमी असती, तर सगळे बाण खाली गेले असते आणि साइट हलवून भागलं असतं. तुमच्या मुलीचे चार पिवळ्यात जातात आणि एकदोनच खाली. ते एकदोन नेहमी तेच बाण असतात का? प्रत्येक बाणाच्या पिसांवर पेनानं नंबर घाला, आणि आठवडाभर कुठल्या नंबराचा कुठे लागला ते वहीत लिहा. लिंब्जचे पैसे तोवर घरातच राहू द्या.

---

खारा_वारा | सोमवार, रात्री ९.१०

वाऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो, माझं मैदान समुद्रापासून दोन किलोमीटरवर. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा वारा) हलकी असते, पाट्यावर चांगले गट पडतात. बारानंतर खारा वारा सुटला की झेंडी ताठ. आमच्याकडे सगळे म्हणतात दमट हवा जड असते, म्हणून बाण खाली पडतो. बरोबर ना?

---

गणिताचे_सर | सोमवार, रात्री १०.००

उलट आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, आणि हवेत मुख्यतः असलेल्या नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. वाफ आली की तेवढे जड रेणू बाजूला सरतात. ३० अंशांना ९० टक्के दमटपणा असेल तर हवा साधारण दीड टक्का हलकी. कुळागर यांच्या बाणाला हवा ७० मीटरमध्ये सुमारे ५ मीटर प्रतिसेकंदानं हळू करते. त्याचा दीड टक्का म्हणजे काही नाही. दमटपणाला दोष देऊ नका.

---

कुळागर | सोमवार, रात्री १०.३०

सर, आभार. पण खारा_वारा यांचं निरीक्षण मी टाकून देणार नाही. पावसाच्या दिवसांत बाण खाली पडतात हे मीही पाहिलंय. दोष हवेचा नसून भिजलेल्या प्रत्यंचेचा असावा, असा माझा हिशेब आहे. प्रत्यंचेच्या धाग्यांत एक ग्रॅम पाणी मुरलं असं धरा. प्रत्यंचेचा मधला भाग बाणाच्या वेगानं धावतो आणि टोकं हळू, म्हणून आभासी वस्तुमानात त्याचा एक तृतीयांशच धरायचा. तेवढ्यानंही वेग ०.३ नं कमी होतो, आणि ७० मीटरवर १० सेंटीमीटर खाली. प्रत्यंचेला मेण लावणं हे आजोबांच्या काळचं काम वाटतं, पण त्याची किंमत दीड रिंग आहे. पागोळ्या गळत असताना मी तर दर दोन दिवसांनी लावतो, बोटांनी घासून, मेण कोमट होऊन आत जाईपर्यंत.

---

नवा_भिडू | मंगळवार, सकाळी ८.४५

आमच्या घरामागे कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे, ५० मीटर मोकळी जागा, शेवटी चिऱ्यांची छातीएवढी भिंत. भिंतीला पाटा टेकवून ३० पाउंडांनी सराव केला तर चालेल का? ऊर्जा नारळाएवढीच आहे म्हणताय.

---

सातारकर_कंपाऊंड | मंगळवार, सकाळी ९.२०

नको. नारळ जिथे पडतो तिथेच राहतो. ओढताना धनुष्य वर झुकलं आणि बोटांतून प्रत्यंचा निसटली, तर ३० पाउंडांचा बाणही दीडशे मीटरच्या पुढे सहज जातो, आणि छातीएवढी भिंत त्याला अडवत नाही. भिंतीपलीकडे कोणाची वाट आहे, कोणाचं अंगण? मैदानावर या. घरी सराव करायचाच असेल तर पाच मीटरवर, मागे उंच बंद भिंत असताना, पाटा छातीसमोर ठेवून. त्यात नेम शिकता येत नाही पण सोडणं शिकता येतं.

---

म्हापशेकर_आई | पुढच्या मंगळवारी, रात्री ९.१५

कुळागर दादा, वही भरली. सहा दिवस, रोज ६० मीटर. बाण बारा. मुलीनं स्वतः नंबर घातले आणि मी दुर्बिणीतून बघून लिहिलं. खाली जाणारे दोनच, ७ आणि ११. एकूण ३१ वेळा मारले, त्यात २६ वेळा खाली. बाकी दहा बाण पिवळ्यात, लालात, कुठेही, पण ठरावीक खाली नाहीत.

मग ते बाण घेऊन म्हापशाच्या बाजारात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत दिसतं. त्यांनी काचेचं दार उघडलं, बाण आडवा ठेवायला जागा नव्हती म्हणून पाटीवर छोटी वाटी ठेवली आणि त्यात बाण उभा केला. दहा बाण १६.९५ ते १७.०५ ग्रॅम. सातवा १७.६४. अकरावा १७.६७. तेही उठून बघायला लागले.

तीन महिन्यांपूर्वी दोन बाण मोडले होते, त्यांच्या जागी एका दुकानातून दोन आणले होते. शाफ्ट तोच, पिसं तीच. टोकाकडे कोणी बघितलंच नाही.

---

कुळागर | पुढच्या मंगळवारी, रात्री ९.४०

ताई, वाचून अंगावर काटा आला.

फरक ०.६५ ग्रॅम, म्हणजे बरोबर १० ग्रेन. बहुतेक बाकीच्या बाणांना १०० ग्रेनचं टोक असेल आणि त्या दोघांना ११० चं. आता हिशेब बघा. ३० पाउंडांच्या धनुष्यातून १७ ग्रॅमचा बाण साधारण ४८ नं सुटेल. बाण आणि आभासी वस्तुमान मिळून २७ ग्रॅम धरू. त्यात ०.६५ ची भर म्हणजे २.४ टक्के. ६० मीटरवर तिच्या बाणाची पडझड सव्वाआठ मीटर, तिचे २.४ टक्के म्हणजे २० सेंटीमीटर. सव्वातीन रिंग. दहाच्या मध्यावर नेम धरला तर बाण सातच्या आसपास, थोडं कमी-जास्त झालं की सरळ निळ्यात. तुमच्या वहीत तेच आहे.

त्या दोन बाणांत ऊर्जा बाकीच्यांपेक्षा थोडी जास्तच होती. जोर जास्त, आणि तेच खाली जात होते.

---

म्हापशेकर_आई | पुढच्या मंगळवारी, रात्री ९.५५

हे शेवटचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?" तीन महिने हे पोर स्वतःला दोष देत होतं, आणि मला कळलं नाही.

लिंब्ज घेत नाही. टोकं बदलायची कशी, घरी जमेल का?

---

सातारकर_कंपाऊंड | पुढच्या मंगळवारी, रात्री १०.१०

जमेल, ताई. टोक गरम चिकटणाऱ्या गोंदानं बसवलेलं असतं. फक्त टोकाचा धातू तापवायचा, कार्बन अजिबात नाही. उकळत्या पाण्यात टोक बुडवून मिनिटभर धरा आणि पकडीनं फिरवत ओढा. मेणबत्ती किंवा गॅसवर धरू नका, शाफ्ट आतून सैल होतो. पाण्यानं निघालं नाही तर शनिवारी घेऊन या, मी सकाळी पेडेला येतो. माझ्याकडे १०० ग्रेनची चार टोकं पडून आहेत.

---

म्हापशेकर_आई | पुढच्या मंगळवारी, रात्री १०.१५

शनिवारी साडेसहाला आम्ही तिथे असू. सोनारांनी सांगितलंय, नवी टोकं बसली की परत तोलायला आणा, त्यांनाही बघायचंय.

---

खारा_वारा | पुढच्या मंगळवारी, रात्री ११.००

मीही माझे बारा घेऊन येतो. १८ ग्रॅमचे म्हणून विकत घेतले होते, कधी तोललेच नाहीत. त्या सोनारांचं दुकान कुठल्या गल्लीत, ते शनिवारी दाखवा.